कोपरला गेलेली पेटी

पेटी मुळात आमचीच होती. यांच्या विद्यार्थीदशेतली पत्र्याची ट्रंक. कडी गंजलेली आणि झाकणाला एका बाजूला पोचा. डोंबिवलीत आमचं महिला मंडळ निघालं आणि बाळंतिणींसाठी काही सामान जमवायचं ठरलं, तेव्हा ते ठेवायला काहीच नव्हतं. सभेत उठून 'मी देते' म्हणण्याचं धाडस मला झालं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंक रिकामी केली, राखेने घासली आणि चिटणीसबाईंच्या ओट्यावर ठेवून परत आले. कोणी ठेवली हे त्यांना दोन दिवस कळलं नव्हतं.

स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. बाळंतपणं घरीच होत. दवाखान्यातली नर्सबाई मंडळात येऊन सांगून गेली होती की बाळंतिणीच्या अंगाखाली स्वच्छ फडकं नाही, नाळ कापायला धड कात्री नाही, अशा घरांत तिला जावं लागतं. म्हणून ही पेटी. त्यात एक मेणकापड, अंथरुणातल्या अंथरुणात वापरायचं शौचाचं भांडं, गरम पाण्याची रबरी पिशवी, कात्री, दोऱ्याची गुंडी आणि जुन्या धोतरांची, लुगड्यांची फाडून केलेली फडकी असत. ज्यांच्या घरी दिवस भरत आले असतील त्यांनी पेटी न्यायची आणि काम झालं की आणून द्यायची.

आमची खोली तळमजल्यावर, विहिरीपासून चार पावलांवर. त्यामुळे पेटी माझ्याकडे राहू लागली. परत आली की फडकी उकळायची, उन्हात वाळवायची, घड्या घालायच्या, एवढं माझं काम. मंडळात मी बाकी काही करत नसे. सभेच्या आधी सतरंजी घालायची आणि सभेनंतर उचलायची. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा गळा कोरडा पडतो. आजही पडतो. म्हणून तर हे लिहिते आहे. कागदाला उत्तर द्यावं लागत नाही.

एका पौषात चिटणीसबाईंनी सभेत एक पत्र वाचून दाखवलं. जिल्ह्यातल्या उत्तम काम करणाऱ्या मंडळाला फिरती ढाल मिळणार होती. समितीची माणसं येऊन काम पाहणार, मग ठाण्याला समारंभ. चिटणीसबाईंनी पत्र दोनदा वाचलं. त्या हुशार होत्या, मॅट्रिक झालेल्या. मंडळासाठी त्यांनी घरोघरी जाऊन बोलणी ऐकली होती. 'बायकांना उद्योग नाही' असं त्यांच्याच दिराने पंक्तीत सगळ्यांदेखत म्हटलेलं मी ऐकलं होतं. त्यांना ती ढाल दिराच्या डोळ्यांसमोर भिंतीवर लावायची होती. तसं त्या उघड म्हणाल्याही.

"आपल्याकडे दाखवण्यासारखं काय आहे?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "पेटी. अशी पेटी जिल्ह्यात कुणाकडे नसेल. मधोमध टेबलावर मांडू. वहिनी, आहे ना जाग्यावर?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. "परवा गेली," मी म्हटलं. "कोपरला."

"कुणाकडे?"

"मिठागरावर जातात त्यांच्याकडे. सून बाळंत झाली."

"मग घेऊन या. मंगळवारी समिती येणार. सोमवारी तुमच्याकडे हवी, म्हणजे धुऊन होईल."

आमच्यात एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, सुवेर फिटलं नाही अजून. त्यातलं मेणकापड टेबलावर मांडणार, आणि शेजारी पाहुण्यांचे पोहे?"

"उकळून घेऊ, आजी."

"मेणकापड उकळतेस? वितळेल ते."

सगळ्या हसल्या. चिटणीसबाई हसल्या नाहीत. "सोमवारी," त्या मला म्हणाल्या. मी मान हलवली.

रविवारी दुपारी मी निघाले. कोपर तेव्हा रुळांच्या कडेने शेतांतून चालत जायचं गाव होतं. वाटेत मी वाक्य जुळवत होते. 'आमच्याकडे पाहुणे येणार आहेत, दोन दिवसांसाठी पेटी द्या, बुधवारी मी स्वतः आणून देते.' चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. ओठांवर बसलं होतं.

घरात शिरले तेव्हा सासू चुलीपाशी होती. उंच, काटक बाई, मिठागरात उभं राहून पायांची कातडी पांढरी पडलेली. सून आत बाजेवर. तिला रक्त फार गेलं होतं. दहा दिवस उठवायचं नाही, भांडं अंथरुणातच द्यायचं, असं नर्सबाई बजावून गेली होती. आमचं मेणकापड तिच्याखाली होतं. रबरी पिशवी पायांशी होती. पेटी बाजेखाली, झाकण उघडं.

सासूने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पेटी नेवाला आयलीस कं?"

मला वाक्य आठवत होतं. सगळं आठवत होतं. तरी मी म्हटलं, "नाही. सहज आले. बाळ बघायला."

"मंग बस गो बाय. अशी दारात उभी कनाला?"

मी बसले. तिने आतून बाळ आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मुलगा होता, काळासावळा, डोळे मिटलेले. मग तिने गूळ घातलेला कोरा चहा आणला आणि मला विचारत बसली. माझं माहेर कुठलं, मुलं किती, नवरा कुठे कामाला. मी उत्तरं दिली. बाळ मांडीवर झोपलेलं, त्यामुळे हलताही येईना. सुनेने एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. ओली फडकी कोपऱ्यात पडली होती. सासूने बाळ परत घेतल्यावर मी ती पाण्यात घालून उकळायला ठेवली, कारण ते मला येत होतं. ऊन कलल्यावर निघाले. वाक्य तसंच राहिलं होतं. परत येताना ते मला अगदी स्वच्छ म्हणता येत होतं.

सोमवारी सकाळी चिटणीसबाईंकडे जाऊन सांगितलं, "पेटी आली नाही. सुनेला रक्त फार गेलंय, मेणकापड तिच्याच खाली आहे."

"आली नाही म्हणजे? द्यायला तयार नाहीत?"

मी ते खोडून काढलं नाही. खरं म्हणजे त्यांना कुणी मागितलीच नव्हती.

"वहिनी, मंडळाने तुम्हाला आजवर एक काम सांगितलं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण मला तो अजून ऐकू येतो. "एक. बरं, जाऊ द्या. मी बघते."

त्यांनी जे केलं ते त्यांच्या बुद्धीला शोभणारं होतं. लेकीच्या लग्नासाठी घेतलेली हिरवी, फुलं रंगवलेली नवी ट्रंक त्यांनी काढली. घराघरांतून सामान आणवलं. कुणी नातवासाठी विणलेलं टोपडं दिलं, कुणी कशिद्याची दुपटी, कुणी रेशमी गोंड्याचं झबलं. कात्री भरतकामाची होती, चोचीसारख्या टोकाची. त्यांनी सगळं इतकं नीट रचलं की मलासुद्धा ती पेटी आवडली.

मंगळवारी समिती आली. कचेरीतले एक गृहस्थ आणि एक पोक्त बाई, पांढऱ्या खादीचं पातळ, पायात साध्या वहाणा. गृहस्थांनी पोहे खाल्ले, छान छान म्हणाले. बाईंनी पोहे खाल्ले नाहीत. त्यांनी पेटीतलं एक दुपटं काढलं, झटकलं, नाकाशी नेलं. मग टोपडं, मग कात्री.

"हा बाळंतविडा आहे," त्या म्हणाल्या. "बारशाला देतात तसा. सुंदर आहे. पेटी कुठे आहे?"

"हीच," चिटणीसबाई म्हणाल्या.

"यातलं काहीच धुतलेलं नाही. आणि या कात्रीने नाळ कापून बघा एकदा."

आजींनी पदर तोंडाला लावला. मी दाराशी चहाच्या कपांचं तबक घेऊन उभी होते. बाईंची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. बहुधा माझे हात त्यांना दिसले असावेत. सोड्याने माझी बोटं तेव्हा सोललेली असत.

"पेटी तुम्ही सांभाळता का?"

मी मान हलवली.

"कुठे आहे ती?"

"कोपरला. बाळंतिणीकडे."

"आज दाखवायला आणली नाही?"

"नाही."

"का नाही?"

याचं खरं उत्तर एका ओळीचं होतं. मला मागता आली नाही. ते माझ्या तोंडातून निघेना. तेव्हा चिटणीसबाई एक पाऊल पुढे आल्या.

"आम्हीच तसं ठरवलं," त्या म्हणाल्या. "तिला रक्त फार गेलंय. पाहुण्यांना दाखवण्यासाठी तिच्या अंगाखालचं मेणकापड काढायचं, हे मंडळाला पटलं नाही. ही ट्रंक आपली नमुना म्हणून मांडली. पेटीत काय काय असतं ते कळावं एवढंच."

त्यांची जीभ अडखळली नाही. गृहस्थ म्हणाले, "वा." बाईंनी चिटणीसबाईंकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्यांनी काय ओळखलं आणि काय नाही, मला सांगता येणार नाही.

समिती गेल्यावर चिटणीसबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मी सतरंजी उचलली.

बाराव्या दिवशी पेटी परत आली. सासू स्वतः डोक्यावर घेऊन आली होती. विहिरीपाशी उतरवली आणि म्हणाली, "बघ गो, सगला हाय कं."

सगळं होतं. फडकी शुभ्र, भांडं राखेने लखलखीत. तळाशी एक पुरचुंडी होती. सोडली तर जाडं मीठ, खड्यांचं.

"रिकामी पेटी कशी देवाची? सुकट घालनार व्हती, पन तुमी लोक खात नाय. मीठ हातावर देऊ नये, भांडान व्हतात. म्हनून पेटीत."

मी तिला बसवलं, चहा टाकला. सून उठून बसते, भाकरी खाते, असं ती म्हणाली. मग कपातला चहा बशीत ओतता ओतता सहज बोलावं तसं म्हणाली, "त्या दिशी तू पेटी नेवालाच आयली व्हतीस."

माझा चेहरा उतरला असणार.

"मला कलला व्हता. दारातच कलला. म्हनून त पोर दिला तुज्या मांडीवर. मांडीवर पोर घेऊन कोन पेटी मागतंय?"

ती हसली, बशी रिकामी केली आणि गेली. तोवर मी स्वतःला सांगत होते की बाळंतिणीची दया आली म्हणून मी पेटी मागितली नाही. थोडी आली असेलही. पण त्या घरात काय व्हायचं ते त्या बाईने ठरवलं होतं. मी फक्त बसले होते.

महिन्याभराने ठाण्याला समारंभ झाला, टेंभी नाक्याजवळ एका शाळेच्या पटांगणात. आम्ही सातजणी गेलो. ढाल कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीतल्या बायकांना मिळाली. त्यांनी बराकीत शिवणकाम सुरू केलं होतं, आणि त्यातल्या कितीजणी अंगावरच्या कपड्यांनिशी आल्या होत्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्यातली एक बाई ढाल घ्यायला गेली आणि लेकरू कडेवर घ्यावं तशी ती कडेवर घेऊन खाली उतरली. कुणाला वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही. मला वाटलं. मलाही ती ढाल हवी होती.

आम्हाला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं, काचेच्या चौकटीत. देताना त्या खादीच्या बाई म्हणाल्या की एका मंडळाने समितीला दाखवायची वस्तू आणलीच नाही, कारण ती गरजेच्या ठिकाणी होती. टाळ्या पडल्या. चिटणीसबाईंनी चौकट घेतली आणि परत येऊन माझा दंड धरला. "उभ्या राहा." मी उभी राहिले आणि लगेच बसले.

परतताना गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"आता खरं सांगा. का नाही आणलीत?"

मी सांगितलं. वाक्य, चहा, मांडीवरचं बाळ, आणि बाराव्या दिवशी ती काय म्हणाली ते. इतकं मी त्यांच्याशी आधी कधीच बोलले नव्हते. त्या हसू लागल्या, चौकट मांडीवर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग थांबल्या.

"म्हणजे तुम्हाला मागता आली नाही, आणि मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "आणि त्यावर टाळ्या घेतल्या."



पुढच्या सभेत सतरंजी घालून मी कोपऱ्यात बसले. चिटणीसबाईंनी इतिवृत्ताची वही उघडली आणि एक ठराव वाचला. पेटी ज्या घरी गेली असेल तिथून बाराव्या दिवसाआधी मागू नये, मग मंडळाकडे पाहुणा कोणीही येवो. "जे आपण समितीला सांगितलं, ते निदान आता खरं असू दे," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "अनुमोदन कोण देतं?"

त्या कुणाकडेच पाहत नव्हत्या. मी हात वर केला. आजी म्हणाल्या, "हात काय करतेस, शाळा आहे का ही? तोंडाने बोल."

"माझं अनुमोदन आहे," मी म्हटलं.

मंडळाच्या वहीत माझं नाव त्या एकाच ठिकाणी आहे. त्याच आठवड्यात पेटी दिवा गावाला गेली आणि सोळा दिवस आली नाही. कुणी मागायला गेलं नाही.