बाबांची परीक्षा

झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला की मला बाबांचं सर्टिफिकेट आठवतं. गिरगावातला छापखाना बंद झाल्यावर पन्नाशीला आलेले बाबा लालबागला कॉम्प्युटरच्या वर्गाला जाऊ लागले होते. बाइंडिंगच्या कामाने राठ झालेली त्यांची बोटं माउसवर नीट बसत नसत, पण शिकवलेलं सगळं ते रोज वहीत लिहून आणत. शेवटची परीक्षा घरूनच, माझ्या मोबाइलवर होती. चाळीच्या गॅलरीत बसून ते एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते आणि मला माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टची घाई होती. "बाबा, अशाने वेळ संपेल. द्या इकडे," मी म्हटलं. "थांब गो, येता माका ह्यां," ते म्हणाले. तरी मी फोन ओढून घेतला आणि भराभर सगळी उत्तरं दिली. नव्वदच्या वर मार्क पडले. आईने सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. पुढे परळच्या एका गोदामात त्यांना मुलाखतीला बोलावलं आणि मालाची यादी कॉम्प्युटरवर करून दाखवायला सांगितली. घरी येऊन ते आईला म्हणाले, "जागा भरलेली होती." मग मी एकटी असताना हळूच म्हणाले, "सायब इचारी होतो, ह्ये मार्क तुमचेच ना? मी होय म्हटलंय." मी तेव्हा माफी मागितली नाही, अजूनही मागितलेली नाही. हल्ली कुठलाही फॉर्म आला की बाबा तो न वाचताच माझ्याकडे देतात.