पत्रिकेचा बोळा

शेतांमधल्या दगडी गडग्यापलीकडे माझा चुलतभाऊ बाबल ठासणीची बंदूक भरत बसला होता. दोघांचंही भात पिकलं होतं आणि रानडुकरं शिरायची वेळ झाली होती. छर्रे कुठेच मिळत नाहीत, म्हणून तो भीती घालायला नुसत्या दारूचा बार काढतो. दारूवर ठासायला त्याला सोडणाचा काथ्या लागतो, पण यंदा माकडांनी नारळच ठेवले नाहीत. तेव्हा त्याने खिशातून एक जाड, सोनेरी कागद काढून फाडला आणि त्याचा बोळा केला. ती माझ्या मुलीची लग्नपत्रिका होती.

"लग्नाक येवक जमला नाय," माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "पण कागद बरो हा. घट्ट बसता."

"तुमकाच हौस जाड कागदाची!" मागून बायकोने माझ्यावरच बार काढला.

आमचं भांडण या गडग्याच्या हातभर सरकण्यावरून. त्यातली मूळची दारू कधीच सादळली. अस्सल राग मिळेनासा झाला की माणूस हाताला लागेल ते ठासतो. न पाठवलेला प्रसाद, न केलेला नमस्कार, काहीही चालतं. आवाज तेवढाच होतो. माझ्याकडचाही साठा काही कमी नाही.

बार झाला. डुकरं त्याच्या शेतातून उधळली आणि भांडणाचा तोच गडगा ढासळवून माझ्या भातात घुसली. सकाळी आडव्या लोंब्यांत पत्रिकेचा जळका तुकडा सापडला. 'सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येण्याचे करावे' एवढंच त्यावर वाचता येत होतं.

डुकरांनी तरी मान राखला होता.