ब तुकडीच्या बाई

ब तुकडीवर नव्या बाई आल्या, तेव्हा मंगळवार पेठेतल्या त्या शाळेत मला बारा वर्षं झाली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुसरीची अ तुकडी पहिलीपासून माझी, ब आता त्यांची; मध्ये एक भिंत. त्या पेठ वडगावहून रोज एसटीनं यायच्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात चिंचोके, सुतळी, बाटल्यांची झाकणं, पुठ्ठ्याचे तुकडे. मी मनात म्हटलं, ह्या शिकवायला आल्यात की भातुकली मांडायला?

माझा वर्ग शिस्तीचा. पोरं हाताची घडी घालून बसायची. पाढे म्हणायला लागली की एक सूर, एक ठेका. फळ्यावरचं माझं अक्षर बघायला दुसऱ्या वर्गांतल्या बाई यायच्या. भिंतीपलीकडे मात्र कुणी फरशीवर आखलेल्या चौकटींत उड्या मारत बेरीज करतंय, कुणी गोष्ट ऐकून चित्र काढतंय, असा सगळा गोंधळ. मी मुख्याध्यापकांकडे दोनदा तक्रार केली. ते म्हणाले, "बाई, पोरं शिकत्यात की. दार लावून घ्या."

दार लावलं तरी माझ्या पोरांची मान तिकडेच वळायची. ते मला फार लागायचं. एकदा फाटकापाशी एका आईनं मला गाठलं. "बाई, आमच्या धाकटीला पुढल्या वर्षी ब मध्येच घाला की. तिथं पोरं रडत न्हाईत म्हणं." मी हसून "बघू" म्हटलं आणि घरी जाऊन नवऱ्यावर उगाचच चिडले.

दिवाळीनंतर दोन्ही तुकड्यांचा पट सारखा करायचं ठरलं. माझ्याकडची चार मुलं तिकडे द्यायची होती. कुठली, ते मीच सांगायचं. मी वर्गाकडे नजर टाकली आणि ज्यांना काहीच येत नव्हतं अशी चार निवडली. त्यांत शेवटच्या बाकावरची एक मुलगी होती. आई मंडईत भाजी विकायची. ही सकाळी तिच्या हाताखाली कोथिंबिरीच्या जुड्या बांधून मग शाळेत यायची. दीड वर्षात तिला 'क' आणि 'फ' वेगळे सांगता येत नव्हते. मी तिला ओरडून, समजावून, दहा दहा वेळा लिहायला लावून थकले होते. तिला तिकडे पाठवताना माझ्या मनात स्वच्छ एकच विचार होता: आता बघू, तुमचे चिंचोके काय करतात ते.

ब तुकडीच्या बाईंनी त्या मुलीला महिनाभर लिहायलाच लावलं नाही. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून अक्षरं केली होती, त्यांवरून तिचं बोट फिरवून घेतलं. मग डोळे मिटून ओळखायला लावलं. मग तिनं स्वतः फरशीवर चिंचोक्यांची अक्षरं मांडायची. मी येता-जाता दारातून बघायचे आणि माझं नुसतं डोकं फिरायचं. इतकी सोपी गोष्ट मला का सुचली नाही, ह्याचा राग मी त्यांच्यावरच काढत होते.

परीक्षेच्या आधी केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी ब तुकडीत नेमकी तीच मुलगी उठवली. मी दाराशी उभी होते. ती अडखळावी असं मला वाटलं. सात वर्षांची पोर, आणि मला असं वाटलं. तिनं पुस्तक हातात घेतलं, दुसऱ्या हाताचं बोट स्कर्टवर हळूच फिरवत राहिली आणि सावकाश, एकेक शब्द करत चार ओळी वाचल्या. 'फ' आला तिथं थांबली, बोट फिरवलं, बरोबर म्हणाली.

साहेब खूश झाले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, ही आधी माझ्याच वर्गात होती."

ब तुकडीच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. "व्हय साहेब," त्या म्हणाल्या, "दीड वर्ष बाईंकडंच होती."

दुपारी मधल्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्या डबा सोडत होत्या. मग त्यांनीच विचारलं, "ती चार पोरं तुम्ही मुद्दाम निवडलीत, व्हय न्हवं?"

"हो."

"मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरं वर्गात येऊन बसली हुती. त्यांना शिकवायचं का तुमच्याशी भांडायचं?" त्यांनी डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं सरकवली. "माझ्याकडं दोघं असे हायत, चिंचोके दिले की नुसते खेळत बसत्यात. पण भिंतीतनं ऐकून ऐकून तुमचे पाढे त्यांना सतरापर्यंत पाठ झालेत. रोज अर्धा तास पाठवू का तुमच्याकडं?"

मी हो म्हटलं. त्या बदल्यात माझे तिघे त्यांच्याकडे जाऊ लागले. पुढच्या वर्षी मीही पुठ्ठे कापायला घेतले. माझी अक्षरं त्यांच्यापेक्षा सुबक झाली, ह्याचा मला आनंद झाला, हेही सांगून टाकते.

काही वर्षांनी त्यांची बदली पन्हाळ्याकडे झाली. दोन हजारनंतर एका प्रशिक्षणाला गेले, तर व्यासपीठावर शिकवायला त्याच. मी तिसऱ्या रांगेत वही उघडून बसले. प्रत्येक मूल वेगळ्या वाटेनं शिकतं, हे सांगताना त्यांनी त्या मुलीची गोष्ट सांगितली. आधीच्या वर्गाचा, आधीच्या बाईंचा उल्लेख केला नाही. मला हायसं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी, सगळं सभागृह टाळ्या वाजवत असताना, माझं नाव का घेतलं नाही म्हणून वाईटही वाटलं. टाळ्या मीही वाजवल्या, पण शेजारणीपेक्षा जरा उशिरा सुरू केल्या.