उष्टा नान

निम्मी वाट चालून झाली तरी कुनसुलू आपा घराकडे वळायचं नाव काढेनात. पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात होता, दुसरा माझ्या. मी त्यांची शेजारीण, बंदरावर घ्यायला गेले होते.

"आपा, घर त्या अंगाला राहिलं."

"माझं घर मला दाखवतेस होय? चल, जरा किनाऱ्यानं जाऊ."

"इतके महिने समुद्रच बघत होतात ना?"

"कुठला समुद्र! भटारखान्याची खिडकी एवढीशी, तीही वाफेनं आंधळी."

कास्पियनचं पाणी, तळाचा गाळ आणि सील प्राणी तपासत फिरणाऱ्या शास्त्रज्ञांना आपा त्यांच्या जहाजावर रांधून घालायच्या. आज संपलेली खेप शेवटची. वय झालं, आता कुणी तरुण आचारी येणार. निरोपाला सगळ्यांनी मिळून एक शाल दिली होती, ती पिशवीत तळाशी कोंबलेली.

वाटेत टरबूजवाला ओरडला, "काय आपा, समुद्रावरून आलात आणि एक मासा नाही?"

"चिखल आहे बरणीभर. देऊ कालवणाला?"

तो हसला. आपाही हसल्या, पण कोपरा ओलांडेपर्यंतच.

लांब निघालेल्या माणसाला आमच्याकडे नानचा एक घास तोडायला लावतात. उरलेला उष्टा नान घरचे फडक्यात बांधून टांगून ठेवतात. माणसानं परत येऊन तो संपवायचा, म्हणजे प्रवास संपला. आपांचा नान आधी सासूबाई टांगायच्या, मग नवरा, बिसेनबाय आगा. त्या बूट काढेपर्यंत आगांनी तो खाली काढलेला असायचा. "चहात बुडव," म्हणायचे, "नवे दात मी घेऊन देणार नाही." गेल्या हिवाळ्यात आगा गेले.

"या खेपेला मीच घास तोडला," आपा म्हणाल्या, "मीच टांगला, मीच कुलूप लावलं. आता मीच काढून खायचा. असं परत आलेलं चालतं का गं? तू नमाज पढतेस, तुला ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "अल्ला बघतो, आपा."

"बघतोच. पण चहा कोण टाकणार?"

वाऱ्यानं डोळ्यांत वाळू जात होती. मी मनातल्या मनात आगांसाठी दुवा मागितली. फिरून फिरून शेवटी आमच्या इमारतीपाशी आलो. आपा पहिल्या पायरीपाशीच थांबल्या. वर जाण्याची त्यांची तयारी दिसेना. मी पिशवी खाली ठेवली.

त्यांनी कुडत्याच्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"तू आधी वर जा. चहा ठेव. मी मागून येऊन दार वाजवते. आतून विचार, कोण आहे म्हणून. आणि लगेच उघडू नकोस हं. बिसेनबायचे गुडघे दुखायचे, त्याला वेळच लागायचा."