बिस्किटातलं अंडं

आखातात, अल सद्दच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक ऑस्ट्रेलियन बाई राहायची. फुटबॉलचा वर्ल्डकप जवळ आलेला. माझा नवरा स्टेडियमच्या साइटवरून दमून यायचा आणि लिफ्टमध्ये ही हसून ओटच्या बिस्किटांचा डबा पुढे करायची. हा मिटक्या मारत घरात शिरायचा. माझे शंकरपाळे तसेच पडून. श्रावण लागला तसं मी बजावलं, “खाऊ नकोस, त्यात अंडं असणार.”

एकदा मी तिलाच विचारलं.

“छे! पहिल्या महायुद्धात आमच्याकडच्या बायका ही बिस्किटं सैनिकांना बोटीने पाठवायच्या. अंड्याने खराब झाली असती,” ती डब्याचं झाकण अंगठ्याने दाबत म्हणाली. “माझाही माणूस लांबच आहे.”

संध्याकाळी नवऱ्याने आशेने विचारलं, “अंडं घालते का, विचारलंस का गं?”

“हो,” मी म्हणाले, “दोन घालते.”