पांढऱ्यावरचं ऊन

निवृत्त झाल्यावर मी महागडा कॅमेरा घेतला आणि रत्नागिरीच्या घरामागे, परसात, पाखरांचे फोटो काढू लागलो. एका दुपारी विहिरीच्या काठावर बगळा उतरला. मी दहा फोटो काढले, पण प्रत्येकात बगळ्याच्या जागी नुसता पांढरा डाग.

तेवढ्यात विजेचं मीटर वाचायला आलेली बाई माझ्यामागे थांबली. उन्हासाठी ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. तिने काच तडकलेला मोबाईल वर धरला, त्यातल्या बगळ्यावर बोट टेकवलं आणि सावकाश खाली ओढलं. मागची झाडं काळवंडली, पण बगळ्याचं पीस न् पीस उमटलं. तिने फोटो टिपला.

"काका, पांढऱ्यावर ऊन असलं की उजेड उतरवायचा," ती म्हणाली. "मीटरच्या काचेवर रोज हेच करत्ये. नाहीतर आकडेच दिसत नाहीत. पाठवू तुम्हाला हा?"

माझा नुसता जळफळाट झाला.

"नको. माझे चांगले आलेत."

ती हसून शेजारच्यांच्या बेड्याकडे, त्यांच्या फाटकाकडे वळली, तशी मी घाईने उजेड उतरवायचं बटण शोधू लागलो. बगळा तोवर उडाला होता.

आता माझे बगळे सुरेख येतात. कोणाकडे शिकलात, असं लोक विचारतात. मी अजून सांगतो, "कोणाकडे नाही. सरावाने जमलं."