सुधाकरचा शून्य खर्च

वहिनींचा फोन आला तेव्हा मी जवाहरनगरच्या थांब्यावर बसची वाट पाहत होतो. "भाऊजी, हे गेले जी..." सुधाकर गेला? परवाच तर तो मला सांगत होता, "तू काहून घाबरून राहिला? डॉक्टरले दाखवून आलो ना मी. साधं पित्त आहे."

भंडाऱ्याच्या कॉलेजात आम्ही दोघे संख्याशास्त्र शिकवायचो. आजारपणावर घरोघरी किती खर्च होतो याची माहिती गोळा करायची आणि पुढच्या खर्चाचा अंदाज देणारं मॉडेल बांधायचं, हे त्याचं वेड. त्यापायी गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसन वस्त्यांमधून त्याने मलाही वणवण हिंडवलं. एका मासेमाराच्या घरी बाई म्हणाली, खर्च काईच नाई. मी शून्य लिहून उठलो, पण हा पठ्ठ्या तिथेच बसून राहिला. "कोनीच बिमार नाई पडलं का जी?"

"पडली ना, मीच पडली. पन दवाखान्यात गेलीच नाई, त खर्च कायचा?"

परतताना तो चिडलेला होता. आपलं मॉडेल या बाईला ठणठणीत समजतं, म्हणाला. मग त्याने सगळं नव्याने मांडलं... आधी दवाखान्यापर्यंत कोण पोचतं त्याचा अंदाज, आणि जे पोचले त्यांच्याच खर्चाचा वेगळा. शून्य खर्च म्हणजे निरोगी माणूस नव्हे, हे तो वर्गात टेबलावर हात आपटून सांगायचा.

आणि हाच माणूस... तेरवीनंतर मी वहिनींकडे तपासणीचे कागद मागितले. "कायचे कागद? मले तर सांगत, भाऊजीसंगं जाऊन आलो, त्याईच्याजवळच आहेत कागद." मी कधीच त्याच्याबरोबर गेलो नव्हतो. म्हणजे कोणत्याच डॉक्टरकडे तो गेला नव्हता. मला डॉक्टरचं नाव सांगायचं, बायकोला माझं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय. तो भ्याला असेल, ते मी समजू शकतो. पण माझ्या नावावर त्याने वहिनींना गाफील ठेवलं, हे मला गिळवत नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. बैठकीत कॉम्प्युटरवर त्याचा चष्मा तसाच ठेवलेला, काड्या उघड्या. वहिनींनी चहा दिला, समोर बसल्या, आणि चष्म्याकडे पाहत हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आता तरी खरं सांगा. तुमाले सारं मालूम होतं ना?"

मी नाही म्हणालो. त्यांनी माझा भरलेला कप उचलून आत नेला.